परमुलखातील सायकल : बरोबर नेलेली आणि भाड्याने घेतलेली

परदेशी जाऊन आठ-पंधरा दिवस सायकलीवर हिंडण्याची हौस अलीकडे आपल्या मंडळींतही दिसू लागली आहे. मुलगा किंवा लेक जर्मनीत, ऑस्ट्रियात अथवा जपानात नोकरीस असते, भेटीला जायचे ठरते, नदीकाठच्या सायकलमार्गाची छायाचित्रे घरात फिरतात आणि कुणीतरी विचारतो : सायकल इथून न्यावी की तिथेच भाड्याने घ्यावी? मग विमान कंपनीचा सामानाचा आकार एका बाजूला आणि दिवसाचे भाडे दुसऱ्या बाजूला मांडून बेरीज-वजाबाकी सुरू होते. ती अवश्य करावी. परंतु हा प्रश्न केवळ पैशांच्या हिशेबाचा नाही आणि नवा तर मुळीच नाही. सायकल घेऊन पहिले हौशी प्रवासी सीमा ओलांडू लागले तेव्हापासून, म्हणजे सुमारे १४० वर्षांपासून, तो विचारला जात आहे. प्रत्येक काळात त्याचे उत्तर दोन गोष्टींनी ठरविले, असे आम्हांस दिसते. एक, ते यंत्र स्वाराच्या शरीराशी किती जुळते. आणि दुसरी, परका मुलूख व परका माणूस यांच्यामध्ये विश्वासाचा व्यवहार कोणी आणि कसा लावून दिला. या दोन धाग्यांनी हा इतिहास पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

आरंभ उंच चाकाच्या सायकलीपासून करावा लागतो. १८७० नंतरच्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत जी सायकल रूढ झाली, तिचे पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे अगदी लहान असे. तिला चेन नव्हती. पॅडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेले असल्याने पायाच्या एका फेऱ्याबरोबर चाकाचाही एकच फेरा होई. साहजिकच चाक जितके मोठे तितका वेग अधिक. आणि चाक किती मोठे असावे याची मर्यादा एकच, स्वाराच्या पायाची लांबी. म्हणून या सायकली इंचांच्या मापाने विकल्या जात आणि घेणाऱ्याच्या पायाचे माप पाहून चाक निवडले जाई. बसणाऱ्याच्या मापाचे चाक आणि चालणाऱ्याच्या मापाचा जोडा यांत फारसा फरक नव्हता. दुसऱ्याच्या जोड्याने चार पावले चालता येईल, यात्रा करता येणार नाही. त्या काळी परमुलखात भाड्याची सायकल घेऊन लांबचा प्रवास करणे अशक्यप्राय होते, याचे पहिले कारण हे असे यंत्रातच होते.

थॉमस स्टीव्हन्स यांचा प्रवास या काळाचा सर्वांत ठळक नमुना. २२ एप्रिल १८८४ रोजी ते सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. त्यांची सायकल कोलंबिया बनावटीची, ५० इंची चाकाची. हँडलच्या पिशवीत मोजे, एक जादा सदरा, तंबू म्हणूनही वापरता येईल असा पावसाळी कोट आणि एक पिस्तूल, एवढाच संसार. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते बोस्टनला पोहोचले आणि पुढच्या वर्षी बोटीने इंग्लंडला उतरून युरोप, तुर्कस्तान आणि इराण या वाटेने पूर्वेकडे निघाले. अफगाणिस्तानातून जाऊ दिले नाही म्हणून त्यांना मागे वळावे लागले आणि समुद्रमार्गे कराची गाठून लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत त्यांनी ग्रँड ट्रंक रस्ता सायकलीने कापला. १७ डिसेंबर १८८६ रोजी योकोहामा येथे हा पृथ्वीप्रवास संपला. रस्ते नव्हते तिथे त्यांनी सायकल ढकलली, कधी उचलली. पण ती बदलून दुसरी घ्यावी असा प्रश्न वाटेत उपस्थितच होऊ शकत नव्हता. अर्ध्या वाटेवरील प्रदेशांत दुसरी सायकल नव्हतीच.

हे चित्र १८८५ नंतर पालटले. त्या वर्षी इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ नावाची सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, पॅडल मध्यभागी आणि तेथून मागच्या चाकाला चेन. आज आपण जिला सायकल म्हणतो ती हीच. १८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि हाडे खिळखिळी करणारी ही स्वारी सुसह्य झाली. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, चेन आल्यामुळे चाकाचा आणि पायाच्या लांबीचा संबंध तुटला. एक नट सैल करून सीट वर-खाली केली की तीच सायकल सकाळी उंच माणसाच्या आणि दुपारी बुटक्या माणसाच्या उपयोगी पडू लागली. अनेकांच्या उपयोगी पडणारे यंत्रच भाड्याने देता येते. भाड्याच्या सायकलीचा धंदा म्हणजे या एका नटाची करामत आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

तो धंदा आपल्याही गावांनी पाहिला. इंदूर असो, बडोदे असो, बेळगाव असो की हैदराबाद, तासाच्या भाड्याने सायकली देणारे दुकान नाक्यावर असेच. मडगार्डावर रंगाने घातलेला क्रमांक, भिंतीवरचे घड्याळ आणि दुकानदाराची लांबट वही, एवढ्यावर ते चाले. वाचकांच्या स्मरणात असेल की तेथे बहुधा अनामत मागितली जात नसे. नाव विचारले जाई, वडिलांचे नाव विचारले जाई, कोणत्या गल्लीत राहतोस हे विचारले जाई. तेवढे पुरे होई. म्हणजे तारण होते ते ओळखीचे. घराणे गावात चार पिढ्या राहिलेले असणे हीच त्या वहीतली पत होती. उलट स्टेशनवर त्याच दिवशी उतरलेल्या पाहुण्याला दुकानदार सायकल सहजी देत नसे; कुणीतरी ओळखीचे बरोबर यावे लागे. भाड्याच्या सायकलीचे मूळ कोडे येथे उघड होते. जिला भाड्याने घेण्याची गरज सर्वांत जास्त ती परकी व्यक्ती, आणि जिच्यावर विश्वास ठेवणे सर्वांत कठीण तीही तीच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात फिरणाऱ्या सायकलस्वाराची हीच अडचण होती. म्हणून तो स्वतःची सायकल बरोबर नेई. परंतु तेथेही अविश्वास त्याला सोडत नसे; फक्त दुकानाऐवजी तो जकातीच्या नाक्यावर भेटे. सायकल ही किमती वस्तू. ती घेऊन येणारा माणूस प्रवासी आहे की विक्रीसाठी माल आणणारा व्यापारी, हे अधिकाऱ्याने कसे ओळखावे? म्हणून अनेक देशांच्या सीमेवर आयातकराइतकी रक्कम ठेवून घेत, पावती देत, काही ठिकाणी सायकलीला शिशाची मोहोर लावीत आणि ठरलेल्या मुदतीत तीच सायकल घेऊन प्रवासी देशाबाहेर पडला की रक्कम परत करीत. ज्याने भाडे टाळण्यासाठी स्वतःचे वाहन नेले त्यालाही अखेर अनामत ठेवावीच लागली. स्वित्झर्लंड, इटली, फ्रान्स असा पंधरवड्याचा फेरफटका करायचा तर प्रत्येक सीमेवर हा सोपस्कार, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे नाणे.

या पेचातून मार्ग काढला तो सायकलस्वारांच्या संघांनी. ५ ऑगस्ट १८७८ रोजी इंग्लंडातील हॅरोगेट येथे स्टॅन्ले कॉटरेल यांच्या पुढाकाराने ‘बायसिकल टूरिंग क्लब’ स्थापन झाला आणि १८८३ पासून तो ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ या नावाने ओळखला जाऊ लागला. याच संस्थेचे आजचे नाव ‘सायकलिंग यूके’. १८८३ साली नेदरलँड्समध्ये, १८९० साली फ्रान्समध्ये आणि १८९४ साली मिलान येथे इटलीत असेच संघ निघाले. इंग्लंडच्या संघाची सभासदसंख्या १८९९ साली ६०,००० च्या वर गेली होती. पंख असलेल्या चाकाची त्यांची खूण खानावळींच्या भिंतींवर लागली; गावोगावी त्यांचे प्रतिनिधी नेमले गेले आणि रस्ता कसा आहे, दुरुस्ती कोठे होते, मुक्काम कोठे करावा हे ते सांगू लागले. त्याहून मोठे काम नाक्यावरचे होते. काही देशांशी बोलणी होऊन सभासदाचे ओळखपत्रच अनामतीच्या जागी मान्य होऊ लागले. सभासदाने सायकल परत नेली नाही तर त्याची जबाबदारी संघाची, असा त्याचा अर्थ. गल्लीतल्या दुकानदाराच्या वहीत वडिलांचे नाव जे काम करी, ते परमुलखाच्या सीमेवर आता संघाचे नाव करू लागले. १८९८ साली लक्झेंबर्ग येथे अशा संघांचा आंतरराष्ट्रीय मेळ बसला आणि पुढे मोटारी आल्यावर त्यांच्यासाठी सीमा ओलांडण्याचे जे दस्तऐवज रूढ झाले, त्यांच्या मागे हाच अनुभव होता. मोटारप्रवासाची वाट अशा रीतीने सायकलस्वारांनी घालून दिली.

या सोयींमुळे स्वतःची सायकल परदेशी नेणे हे साहसी वीरांपुरते उरले नाही. लंडनमध्ये राहणारे अमेरिकन दांपत्य जोसेफ आणि एलिझाबेथ पेनेल यांनी १८८४ साली दोघांच्या तीनचाकीवरून फ्लोरेन्स ते रोम हा प्रवास केला होता. १८९८ साली त्यांचे सायकलीवरून आल्प्स ओलांडल्याचे पुस्तक आले. जोसेफ यांची रेखाचित्रे आणि एलिझाबेथ यांचे लेखन यांमुळे असा प्रवास सुशिक्षित कुटुंबांना आपल्या आवाक्यातला वाटू लागला. १९०० साली जेरोम के. जेरोम यांनी तीन मित्रांना जर्मनीच्या सायकलफेरीवर पाठविणारे विनोदी पुस्तक लिहिले. ज्या गोष्टीवर विनोद करता येतो ती गोष्ट वाचकांच्या घरोघरी पोहोचलेली असावी लागते. मध्यमवर्गीय इंग्रजाने सायकल घेऊन युरोपात जाणे तोवर किती रुळले होते, याचा तो पुरावाच आहे. फॅनी बुलक वर्कमन आणि त्यांचे पती डॉ. विल्यम हंटर वर्कमन या अमेरिकन दांपत्याने तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत हिंदुस्थानातच सायकलींवरून दीर्घ भ्रमण केले आणि १९०४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात १४,००० मैलांची ती हकिकत सांगितली. त्यांना आपल्या देवळांचे स्थापत्य पाहायचे होते, आणि ते ज्या आडवाटांवर होते तेथे भाड्याने मिळाली असती ती बैलगाडी.

आपल्या बाजूने गेलेल्या प्रवाशांचा उल्लेख केल्यावाचून हे प्रकरण पुरे होणार नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी ‘बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लब’चे सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा या तिघांनी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. इराण, इराक, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे सुमारे ४४,००० मैल कापून ते १९२८ च्या मार्चमध्ये परतले. या तिघांच्या प्रवासात स्वतःची सायकल म्हणजे काय, याचा खरा अर्थ कळतो. वाळवंटात आणि जंगलात ज्याला आपले चाक आपणच सरळ करता येते, आरे बदलता येतात, ट्यूब सांधता येते, त्याचीच ती सायकल ‘स्वतःची’. मालकीची पावती खिशात असणे आणि पान्हा हातात चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजही सायकल बरोबर न्यावी की नाही, हे ठरवताना हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा असे आम्हांस वाटते.

कारण स्वतःच्या सायकलीचा एक शत्रू सीमेवरच्या अधिकाऱ्यापेक्षाही चिवट होता. तो म्हणजे मापांचा गोंधळ. इंग्रजी, फ्रेंच आणि इटालियन कारखान्यांच्या स्क्रूंचे आटे वेगवेगळे. एका देशात बनलेला भाग दुसऱ्या देशातल्या फ्रेममध्ये बसेलच असे नाही. टायरचा गोंधळ तर विचारू नये. ‘२६ इंची’ या एकाच नावाने परस्परांत न बसणारी अनेक मापे जगात चालत आली. आपल्या परिचयाची जुनी काळी सायकल घेतली तर तिच्या २८ × १½ इंची टायरच्या बैठकीचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. जर्मनीत आज २८ इंची म्हणून जो टायर सर्रास मिळतो त्याचा ६२२. फरक अवघ्या १३ मिलिमीटरचा, पण तेवढ्यावर प्रवास अडतो. आता टायरच्या कडेला मिलिमीटरमध्ये आंतरराष्ट्रीय माप छापलेले असते. इंचांवर विसंबून न राहता तो आकडा टिपून ठेवावा.

डर्व्हला मर्फी या आयरिश लेखिकेने हे मर्म ओळखले होते. १९६३ च्या जानेवारीत त्या आयर्लंडहून भारताकडे एकट्याच सायकलीवर निघाल्या. निघण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टी केल्या. आशियातील रस्त्यांवर गिअर टिकणार नाहीत म्हणून ते काढून टाकले आणि वाटेवरील ब्रिटिश वकिलातींकडे जादा टायर आधीच पाठवून दिले. सायकल स्वतःची नेली, पण ती शक्य तितकी साधी करून नेली. आणि जे वाटेत मिळणार नाही त्याची तजवीज करून ठेवली. बर्फातून, उन्हातून आणि हिंदुकुशाच्या घाटांतून त्या त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दिल्लीला पोहोचल्या.

दरम्यान जकातीच्या नाक्यावरचा जुना वाद शांतपणे मिटला होता. ४ जून १९५४ रोजी न्यूयॉर्क येथे पर्यटकांच्या सीमाशुल्क-सवलतींविषयी संयुक्त राष्ट्रांच्या विद्यमाने एक करार झाला. प्रवाशाच्या वैयक्तिक वापराच्या वस्तू कोणत्या, याची त्यात यादी आहे. दुर्बीण, कॅमेरा, टंकलेखनयंत्र, तंबू यांच्याबरोबर त्या यादीत एक विनायंत्राची सायकलही आहे. ज्या वस्तूसाठी पूर्वी अनामत आणि शिशाची मोहोर लागे ती आता कपड्यांच्या जोडाप्रमाणे माणसाबरोबरची मानली गेली. सायकल ही मालातून सामानात आली, असे या स्थित्यंतराचे वर्णन करता येईल. मात्र जुन्या शंकेचा थोडा अंश आजही आपल्या वाट्यास येतो. भारतातून किमती सायकल बाहेर नेताना विमानतळावरच सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यातीचा दाखला घेतलेला बरा. म्हणजे परतताना ती तिकडून विकत आणली, असा संशय उरत नाही.

नाका मोकळा झाला, पण तोवर वाहतुकीचे साधन बदलले. बोटीच्या डेकवर किंवा रेल्वेच्या सामानाच्या डब्यात सायकल होती तशी उभी जाई. विमानात ती तशी जात नाही. पॅडल काढायचे, हँडल वळवायचे, पुढचे चाक उतरवायचे, गिअरचा नाजूक भाग बांधून घ्यायचा आणि सारे खोक्यात भरायचे. वजनाची मर्यादा बहुधा २३ किलो असते आणि खेळाच्या सामानाचा आकार प्रत्येक कंपनीचा वेगळा. शिवाय उतरल्यावर ते खोके ठेवायचे कोठे, हा प्रश्न उरतोच. एका गावी उतरून दुसऱ्या गावाहून परतायचे असेल तर तो फार मोठा होतो. यावर उपाय म्हणून घडीच्या सायकली पुढे आल्या. इंग्लंडात १९७५ साली आरंभलेली ‘ब्रॉम्प्टन’ आणि अमेरिकेत १९९२ पासून बनणारी, सुटकेसमध्ये बसणारी ‘बाइक फ्रायडे’ ही त्यांची नामवंत उदाहरणे. जपानात तर सायकल सुटी करून पिशवीत भरल्याशिवाय सर्वसाधारण रेल्वेगाडीत नेता येत नाही. त्या पिशवीतल्या प्रवासाला तेथे ‘रिंको’ असा स्वतंत्र शब्दच आहे.

नेमक्या याच काळात भाड्याच्या सायकलीने आपले जुने कोडे सोडवायला घेतले. ते सोडवण्याचा एक फार उदार प्रयत्न १९६५ साली अॅमस्टरडॅममध्ये झाला. ‘प्रोव्हो’ नावाच्या तरुणांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता, कोणीही घ्याव्यात म्हणून रस्त्यावर ठेवल्या. विनाकुलूप सायकल ठेवणे नियमाविरुद्ध म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. विश्वास होता, तारण नव्हते. प्रयोग टिकला नाही. १९९५ साली कोपनहेगनने नाणे टाकल्यावर सुटणारी सायकल आणली. परत ठेवली की नाणे परत. पण २० क्रोनरचे नाणे हे सायकलीचे तारण म्हणून फारच अपुरे. १९९८ साली फ्रान्समधील रेन शहराने कार्डावर सायकल दिली, २००५ साली लिओं आणि २००७ च्या जुलैमध्ये पॅरिसने ती पद्धत मोठ्या प्रमाणावर नेली. पॅरिसमध्ये बँकेच्या कार्डावर १५० युरोंची अनामत केवळ नोंदवून ठेवली जाई. दुकानदाराच्या वहीतले वडिलांचे नाव, संघाचे ओळखपत्र आणि आता बँकेचे कार्ड, अशी ही परंपरा आहे. परक्याच्या वतीने हमी देणारा कोणीतरी हवा. तो बदलत गेला एवढेच.

शहरातल्या या सायकली अर्ध्या-एक तासाच्या फेरीसाठी असतात. लांबच्या प्रवासाला त्या निरुपयोगी. प्रवासी सायकलीचे भाडे वेगळ्या ठिकाणी बहरले. डॅन्यूब नदीच्या काठाने जर्मनीतील पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत ३०० किलोमीटरांहून लांब सायकलमार्ग आहे. पासाऊला सायकल घ्यावी, व्हिएन्नाला परत द्यावी, अशी सोय तेथे मिळते. सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी पोहोचवणारेही असतात. जपानात १९९९ साली पुलांची मालिका पुरी होऊन होन्शू बेटावरील ओनोमिची ते शिकोकू बेटावरील इमाबारी असा सुमारे ७० किलोमीटरांचा ‘शिमानामी काइदो’ मार्ग झाला. वाटेतल्या बेटांवर भाड्याची केंद्रे आहेत आणि एका केंद्रावर घेतलेली सायकल दुसऱ्यावर देता येते. थकवा आला, पाऊस आला, तर सायकल देऊन बसने पुढे जाता येते. स्वतःच्या सायकलीला हे स्वातंत्र्य नाही. ती आपल्याला नेते आणि आपल्याला तिला न्यावे लागते.

मात्र या सोयीची किंमत कोठे चुकवली जाते, तेही पाहिले पाहिजे. भाड्याची सायकल जाळ्याच्या आत फिरते. जेथे केंद्र आहे, दुरुस्तीची गाडी आहे, परत देण्याची व्यवस्था आहे, तेथेच प्रवासी जातो. पलीकडच्या खोऱ्यातले गाव त्याला दिसत नाही आणि त्या गावाला तो दिसत नाही. स्टीव्हन्स, वर्कमन दांपत्य किंवा मुंबईचे ते तिघे जेथे जेथे थांबले, तेथे त्यांची सायकल पाहायला लोक जमत आणि त्यातून बोलणे सुरू होई. ती सायकलच त्यांची ओळखचिठ्ठी होती. हंपीला येणारे परदेशी पाहुणे भाड्याच्या सायकलींवरून अवशेष पाहत फिरताना आपण पाहतो. त्या सायकली देणाऱ्या स्थानिक माणसाला चार पैसे मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण एखादा पाहुणा आपल्या देशातून आणलेल्या, धुळीने माखलेल्या सायकलीवर येतो तेव्हा चहाच्या टपरीवर त्याला विचारले जाणारे प्रश्न वेगळे असतात, हेही तितकेच खरे.

अलीकडे एका नव्या यंत्राने निम्म्या वादाचा निकाल परस्पर लावला आहे. वीजसाह्याची सायकल आल्यापासून साठी-सत्तरीतली माणसेही आल्प्सच्या पायथ्याशी चढ चढू लागली आहेत. परंतु तिच्या लिथियम बॅटरीची क्षमता साधारणतः ४०० ते ७५० वॅट-तास असते आणि प्रवासी विमानात १६० वॅट-तासांवरची बॅटरी नेता येत नाही. ज्याला अशा सायकलीवर हिंडायचे आहे त्याने ती तिथेच भाड्याने घ्यावी, दुसरा मार्ग नाही. स्टीव्हन्स यांच्या काळी यंत्राच्या घडणीमुळे भाडे अशक्य होते. आता यंत्राच्याच घडणीमुळे नेणे अशक्य झाले. सव्वाशे-दीडशे वर्षांत चाक असे पूर्ण फिरले.

या साऱ्यातून आजच्या प्रवाशाने काय घ्यावे? आमच्या मते प्रवासाचा आकार पाहावा. एका गावी मुक्काम ठेवून रोज फिरून परत यायचे असेल, किंवा सोयींनी युक्त अशा प्रसिद्ध मार्गाने आठवडाभर जायचे असेल, तर भाड्याची सायकल घ्यावी. कित्येक आठवडे, अनेक सीमा ओलांडून, ठरलेल्या जाळ्याबाहेर जायचे असेल तर स्वतःची न्यावी. पण ती साधी असावी, तिच्या टायरचे माप वाटेत मिळणारे असावे आणि पंक्चर काढण्यापासून चेन जोडण्यापर्यंतची कामे आपल्या हाताला येत असावीत. भाड्याने घेणाऱ्याने आपली उंची आणि पायाचे माप आधी कळवावे, सायकल ताब्यात घेताना ब्रेक व टायर स्वतः पाहावेत आणि मोडतोड झाल्यास भरपाई किती, हे लेखी विचारून घ्यावे. अनुभवी प्रवासी एक मधला मार्गही काढतात. सायकल तिथली घेतात, पण स्वतःची सीट आणि पॅडल पिशवीतून नेतात. शरीराचा जेथे जेथे निकट स्पर्श, तेवढे आपले. बाकीचे त्या मुलखाचे.

हा मधला मार्ग आपल्या घराण्यांना अनोळखी वाटू नये. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी आपले पूर्वज माळव्यात, गुजरातेत, तेलंगणात आले तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न होता : घरून काय न्यायचे आणि तिथले काय घ्यायचे. देवघरातले टाक आणि जिभेवरची भाषा त्यांनी बरोबर नेली. धान्य, पाणी, घराची माती आणि बाजारचा व्यवहार त्या त्या मुलखाचा घेतला. सारेच नेणारा वाटेत दमतो. काहीच न नेणाऱ्याला पोहोचल्यावर आपण कोण, हे सांगता येत नाही. परमुलखात जाणाऱ्याने न्यायच्या वस्तूंची यादी करताना हे तारतम्य ठेवले, तर त्याची सायकल कोणाच्याही मालकीची असो, प्रवास त्याचा स्वतःचा होईल.